ज्याची हाक, त्याचीच ओ

नलू,

काल दुपारी तुझ्या खुर्चीवर कुणीतरी डिझेलच्या पावत्यांचा गठ्ठा ठेवला आणि मी खवळले. ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती, हाताशी होती, ठेवला त्याने. तरी मी इतकं बोलले की साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले, गठ्ठा उचलला आणि आत घेऊन गेले. तू असतीस तर आमच्या खेडच्या नदीचं नाव घेऊन म्हणाली असतीस, खेडवाली तापली, जगबुडीला पूर आला. आणि त्याच गठ्ठ्यावर बसून डबा उघडला असतास.

तू गेल्यापासून मी जागी आहे की झोपेत, माझं मलाच नीट कळत नाही. एसीची घरघर चालू असते, खाली बर्फ फोडायचं मशीन दात खात असतं, समोर हिरवी अक्षरं उमटत असतात. मध्येच दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज येतो. तुझ्याच चपला. मी वळून बघत नाही. वळलं की तू नसतेस. नाही वळलं तर थोडा वेळ असतेस, मागे उभी राहून माझी ओळ वाचतेस, आणि तुझ्या ओल्या केसांना खोबरेलाचा वास येत असतो. मग फोन वाजतो आणि सगळं संपतं.

मी पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेले, तू मुंबईत. दोघींनाही वाटलेलं की मोठ्या शहरात नोकरी लागेल, आणि दोघी येऊन पडलो कुठे, तर मिरकरवाड्याच्या बंदरावर, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या बर्फ कारखान्यावर, माडीवरच्या खोलीत. साहेबांनी युनिक्सचं मशीन घेतलं होतं एक्स्पोर्टच्या कागदांसाठी. पण ते महाग मशीन दिवसातून बराच वेळ गप्प बसून असतं हे त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी आपल्याला सांगितलं, बोटींचा हिशेबही त्यावर आणा. बोट बर्फ भरून गेली की तिचं नाव गेलेल्यांत, परत येऊन मासळीचं वजन झालं की आलेल्यांत. संध्याकाळी मशीनने सांगायचं, अजून बाहेर कोण आहे. म्हणजे साहेबांना उद्याचा बर्फ आणि बायामाणसं किती लागतील त्याचा अंदाज. काम एवढंच. आपण त्यावर किती भांडलो गं.

पहिल्या दिवसापासूनच. तुला आठवतं का, शेलमध्ये ते फंक्शन लिहायला बसलो तेव्हा मी तुला शिकवायला गेले होते. शेल म्हणजे मशीनशी बोलायची भाषा, फंक्शन म्हणजे त्याला एकदा शिकवून ठेवलेलं काम, नाव घेतलं की ते उठतं, हातावर जे ठेवाल ते घेतं, काम उरकतं आणि पुन्हा झोपतं. तू म्हणालीस, मला येतं ते, तू अडचण सांग. अडचण अशी होती की आपल्याकडे बोटींचे दोन ॲरे होते, म्हणजे नावांच्या दोन रांगा. गेलेल्या सगळ्या एका नावाखाली ओळीने उभ्या, आलेल्या सगळ्या दुसऱ्या नावाखाली. पण ॲरे अख्खा उचलून फंक्शनच्या हातावर ठेवायची सोयच त्या शेलमध्ये नव्हती. ठेवायला गेलं की ओळ मोडते. एकेक नाव सुटं होऊन आत जातं, आणि दोन ॲरे एकापाठोपाठ दिले तर पहिला कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला हे आत कळतच नाही. सगळी गर्दी एकच.

मग मी म्हटलं, मध्ये बांध घालू. आमच्या भाताच्या खाचरांत असतो तसा. गेलेल्या बोटी, मग 'बांध' असा एक शब्द, मग आलेल्या. फंक्शनने बांधापर्यंत एक शेत समजायचं, बांधापुढे दुसरं. तू हसत सुटलीस. समुद्रात बांध घालायला खेडवालीच पाहिजे, म्हणालीस. पण घातलास तूच. ते फंक्शन तू लिहिलंस, एका दुपारात, आणि ते पहिल्या फटक्यात चाललं. मला मनातून जरा झोंबलंच होतं.

आणि तेव्हाच तू मला तुझ्या गावची, बुरोंडीची, ती रीत सांगितलीस. तुमच्या वाडीत बोटी किनाऱ्याला लागल्या की बाया उभ्या राहून हाका मारतात. बोटीला हाक, मग बोटीवरच्या एकेकाला हाक. आणि ज्याला हाक मारली त्यानेच ओ द्यायची. शेजारी उभ्या भावानेसुद्धा त्याच्या वतीने द्यायची नाही. तो जाळं उचलत असो, तोंडात विडी असो, कंटाळलेला असो, ओ त्याचीच. तुझी आजी म्हणे तोपर्यंत वाळूवरून हलायची नाही. मी म्हटलं, किती वेळ जात असेल यात. तू म्हणालीस, जातो ना, पण मग रात्री झोप लागते.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि एक भानगड झाली. तोवर आपण बोटींची नावं जोडून लिहायचो, दोन शब्दांचा एक शब्द करून. इंग्रजी अक्षरांत ते छापून आलं की वाचणाऱ्याची बोबडी वळायची. एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तो कागद घेऊन माडीवर चढला. आमच्या देवीचं नाव असं चेंगरून का लिहिता, म्हणाला. चपला काढून आत आला होता बिचारा, आणि आवाज चढवायचा नाही असं ठरवून आलेला दिसत होता. साहेबांना पटलं. आपल्यालाही पटलं. त्याच आठवड्यात सगळ्या नावांत मोकळी जागा सोडली. जय भवानी. धन लक्ष्मी. जय लक्ष्मी. पडद्यावर नावं अशी ऐसपैस बसलेली बघून तू म्हणालीस, आता कसं देवळासारखं वाटतं.

वादळाच्या त्या संध्याकाळबद्दल मी तुझ्याशी पुन्हा कधी बोललेच नाही. तू बोलू द्यायचीच नाहीस. आता तू अडवू शकत नाहीस, तर ऐक.

दुपारपासून हवा थांबलेली होती. समुद्र हलत नव्हता, आणि सगळीकडे तांबूस उजेड पडलेला, कुठून येतोय ते न कळणारा. बंदरावर वादळाचा बावटा चढला होता. बोटी लगबगीने परतत होत्या. आपण दोघी खिडकीशी उभ्या राहून चहा पीत होतो आणि सगळं फार सुंदर दिसत होतं, हे कबूल केलं पाहिजे. मग साहेबांनी यादी मागितली. प्रिंटर खरखरला, कागद बाहेर आला, वर तारीख, खाली काही नाही. कोरा. म्हणजे बाहेर कोणी नाही, सगळ्या आल्या.

माडीच्या दारात आवडाकाकू येऊन उभी होती. कोळंबी सोलायला येणारी, तुझ्याशी तुमच्याकडच्या बोलीत बोलणारी. तिचा नवरा आणि थोरला मुलगा जय लक्ष्मीवर होते. ती म्हणाली, "आमची आली नाय गो अजून." साहेबांनी तिला कागद दाखवला. माणूस वाईट नाही तो, धीर द्यायलाच दाखवला. आली असेल, गर्दीत मागे लागली असेल, मशीन सांगतंय ना. मलाही तसंच वाटलं. काकू त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतंही.

तू कप ठेवलास आणि जिना उतरलीस. तुझ्या छातीचं दुखणं तेव्हा मला माहीत होतं. लहानपणी ताप येऊन गेला तो हृदयाच्या झडपेला धरून बसला, डॉक्टरांनी धावपळ करू नको सांगितलेलं. चढ चढताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवायचीस आणि दाखवायचीस असं की लाडाने ठेवलाय. त्या दिवशी तू हात ठेवला नाहीस. मी आणि काकू मागून येत होतो आणि तू जेटीच्या कडेकडेने चाललेलीस, पदर खोचून, आणि प्रत्येक बोटीला तिच्या नावाने हाक मारत होतीस. मी तुझा तो आवाज आधी कधी ऐकलेला नव्हता. वरच्या खोलीत तू किती हळू बोलायचीस. जय भवानीऽ. ओ. पुढे चार पावलं, थांबून श्वास. धन लक्ष्मीऽ. ओ. लोक हातातलं काम टाकून बघायला लागले. त्या तांबूस उजेडात हाक जायची, ओ यायची, आणि मला वाटायला लागलं की ही जेटी कधी संपणारच नाही, आपण अशाच चालत राहणार.

मग तू जय लक्ष्मीला हाक मारलीस आणि ओ आली. काकू मटकन खालीच बसली, हात जोडून. पण तू वळलीस, आणि ज्या बाजूने आवाज आला तिकडे बघितलंस. धन लक्ष्मीवरचा एक खलाशी दोरी गुंडाळत होता. लक्ष्मी एवढंच ऐकलं होतं त्याने. पाठ आपल्याकडे, काम चालू, तोंडाने ओ.

"ज्याची हाक त्यानेच ओ द्यायची," तू त्याला म्हणालीस. ओरडून नाही. तो दोरी हातात धरून तसाच उभा राहिला, शाळेत उभं केल्यासारखा. तू परत हाक मारलीस, जय लक्ष्मीऽ, आणि कुठूनच काही आलं नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. साहेबांनी बंदरावर फोन लावला. वायरलेस असलेला एक मोठा ट्रॉलर उत्तरेकडून खाली येत होता, त्याला निरोप गेला. हेदवीच्या समोर, बरीच आत समुद्रात, जय लक्ष्मी इंजिन बंद पडून नुसती तरंगत होती. ट्रॉलरने तिला दोर लावून जयगडच्या खाडीत ओढून नेलं, आणि त्यानंतर वारा सुटला. सकाळी काकूचा नवरा आणि मुलगा एसटीने आले, अंगावर कुणाकुणाचे कपडे. काकूने त्यांना गेटवरच थांबवलं आणि दोघांना वेगवेगळी हाक मारली. दोघांनी वेगवेगळी ओ दिली. मग ती रडली.

त्याच सकाळी तू मशीनसमोर बसलीस आणि किती वेळ काही टाइपच केलं नाहीस. मी म्हटलं, मी बघते. तू मान हलवलीस. मग म्हणालीस, "तो खलाशी अर्ध्या नावाला ओ देत होता. आपल्या मशीनने तेच केलं." मला कळलं नाही. तू मला दाखवलंस. ॲरेमध्ये 'जय लक्ष्मी' एक नाव म्हणून नीट बसलेलं होतं. पण फंक्शनच्या हातावर ठेवताना आपण ते गुंडाळून दिलं नव्हतं. तशी शेलची खूण असते, ती घातली की मधली मोकळी जागा नावातच राहते. नाही घातली की त्या जागेवर नाव तुटतं. जोडून लिहीत होतो तोवर तुटायला जागाच नव्हती. आता आत गेलं ते 'जय' वेगळं, 'लक्ष्मी' वेगळं. फंक्शनने 'जय'ला शोधलं, तो आलेल्यांत होता, जय भवानीबरोबर आलेला. 'लक्ष्मी'ला शोधलं, तीही होती, धन लक्ष्मीबरोबर आलेली. काम झालं म्हणून ते झोपलं.

"दोन्ही शब्द घरी आले," तू म्हणालीस, "बोट पाण्यातच."

मी खूप काही म्हणाले तेव्हा. चूक शेलची आहे, चूक मोकळ्या जागेची आहे, हे कुणाच्या बापालाही सुचलं नसतं. तू ऐकलं नाहीस. तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, माझ्यावर चिडलीस तर बरं होईल. बोटवाल्यांच्या घरातली मी, म्हणालीस, आणि मी दोन लक्ष्म्या विसरले. नलू, ज्या बाईने ती जेटी पायी तुडवली तिने काय विसरलं? हे मी तेव्हा बोलायला हवं होतं असं नाही, मी तेव्हा बोललेच होते, तीनतीनदा. तू कानावर घेतलं नाहीस एवढंच. आता घे.

तू ती खूण घातलीस. प्रत्येक नाव गुंडाळून, एकेक करून, बांधाच्या या बाजूला नि त्या बाजूला. आणि त्यावरून आपला खरा वाद सुरू झाला, जो संपलाच नाही. मी म्हणत होते, मुळात सगळी नावं पाठवायचीच कशाला? फंक्शनला फक्त ॲरेचं नाव सांग. गेलेल्यांचा ॲरे अमुक, आलेल्यांचा तमुक. ते स्वतः जाऊन बघेल. तुटायची भीती नाही, बांध नको, काही नको. मी तसं लिहूनही दाखवलं, चाललं. तू म्हणालीस, चालतंय खरं, पण नावावर काय विश्वास? नाव दिलं म्हणजे घराची किल्लीच दिली. ते आत जाऊन काय उलथंपालथं करेल ते आपल्याला कळायचंही नाही. एकेक वस्तू हातावर ठेवली की आपली आपल्याकडे शाबूत राहते, त्याच्याकडे जाते ती नुसती नक्कल. मी म्हणायचे, तू संशयी आहेस. तू म्हणायचीस, तू आळशी आहेस. जेवताना, चहाला, मांडवीवर वाळूत पाय घालून बसल्यावर. साहेब एकदा म्हणाले, तुम्ही दोघी प्रॉपर्टीवरून भांडताय का? तेव्हा तू इतकी हसलीस की धाप लागली, आणि मी तुझी पाठ चोळत बसले.

ऑपरेशनला मुंबईला निघालीस तेव्हाही तेच. एसटीच्या खिडकीतून म्हणालीस, माझं फंक्शन काढून तुझं घालशील मी नसताना, मला माहीत आहे. मी म्हटलं, घालणारच. तू म्हणालीस, "आल्यावर हाक मार. मग बघू कोण ओ देतंय." गाडी सुटली. तू हात बाहेर काढलास तर कंडक्टर ओरडला, तू हात आत घेतलास आणि जीभ काढून दाखवलीस. एवढी शिकलेली मुलगी.

मी नाही काढलं तुझं फंक्शन. आपलं रोज संध्याकाळी उठतं, सगळ्या बोटी एकेक करून हातात घेतं. जे करतं ते आतल्या आत, बाहेरच्याला धक्का नाही. तुलाही तसंच कुठेतरी आत नेलं, हिरव्या कपड्यांतल्या माणसांनी, आणि आत काय झालं ते बाहेर बाकावर बसलेल्या तुझ्या आईला कुणी धड सांगितलंच नाही. मला तेव्हापासून आतल्या गोष्टींचा राग येतो.

बुरोंडीला तुझ्या आईला भेटून आले. बाराव्याला. मी काय बोलणार होते कोण जाणे, तिनेच मला जवळ घेतलं, मीच पोरकी झाल्यासारखं. मग म्हणाली, तुमचं कशावरून भांडण होतं गो एवढं? मी सांगायला गेले, आणि सांगताना माझं मलाच कळेना की हे असं कसं सांगायचं. म्हटलं, मी म्हणायचे नुसतं नाव पुरतं, ती म्हणायची नाव पुरत नाही. आई डोळे पुसत हसली. "घरी सांगायची," म्हणाली, "खेडवालीचं बरोबर हाय, पन तिला बोलू नको, लय माजंल."

बघ. म्हणजे तू माझ्या बाजूला आली होतीस, आणि मला पत्ता नाही. आणि मी, नलू, त्याच दिवसांत तुझ्या बाजूला गेले. कारण आता माझ्याकडे तुझं नुसतं नावच आहे. दिवसभर घेते. घेतलं की सगळं येतं हे खरं, खोबरेलाचा वास, खांद्यावरचा हात, जेटीवरचा तो आवाज, एकही वस्तू न तुटता. पण तू येत नाहीस. नाव पुरत नाही गं. तुझंच बरोबर होतं. म्हणजे वाद अजून उरलाच की नाही, फक्त आता आपण जागा बदलून बसलोय.

तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू पळून गेली असतीस. मला समुद्र म्हणजे सुट्टीत बघायची गोष्ट वाटायची. त्यावर माणसं असतात आणि त्यांना प्रत्येकाला वेगळं नाव असतं हे मला तुझ्यामुळे कळलं. आवडाकाकू अजून वर येते, तुझ्या टेबलावर कागदात बांधून सोडे ठेवते, सुकवलेली कोळंबी. मी त्यांना हात लावत नाही, मग दुसऱ्या दिवशी घरी नेऊन खाते. तू हसशील म्हणून सांगते.

आज संध्याकाळी यादी काढली. कागद कोरा आला. साहेबांना दिला आणि जिना उतरून जेटीवर गेले. हे मी रोज करते आता, मला कुणी सांगितलेलं नाही, आणि माझा आवाज तुझ्यासारखा लागत नाही. तरी सगळ्या ओ देतात. जय भवानी, ओ. जय लक्ष्मी, ओ. धन लक्ष्मी, ओ. जेटी संपली. समोर पाणी, उजेड तसाच तांबूस, त्या दिवसासारखा. मग मी तुझं नाव घेतलं. एकदाच, पण मोठ्याने.

धन लक्ष्मीवरचा तोच खलाशी दोरी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि ओ दिली नाही.